मधला बुधवार

आंबाटेकची टाकी अजून उभी आहे, म्हणून हे लिहितो आहे. ती पडली असती तर लिहिणारे पुष्कळ निघाले असते.

योगेंद्रभाऊ पाटलांच्या ठेकेदारीच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं कागदपत्रं सांभाळतो. नंदुरबारला मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं कार्यालय आहे. शिक्षण बी.कॉम. येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. साइटवरचं मला फारसं कळत नाही, पण साइटवरून आलेला कागद कळतो. कागद घाईत लिहिला की सावकाश, तारखेच्या दिवशीच लिहिला की नंतर बसून, हे मी सहसा ओळखतो.

जोसेफ गावित सात वर्षांपूर्वी आमच्याकडे सुपरवायझर म्हणून आला. विसरवाडीचा. स्थापत्याचा डिप्लोमा, बारीक अंगकाठी, खिशात नेहमी एक टेप आणि खडूचा तुकडा. बोलणं कमी. डोंगरातल्या पाड्यांवर पाण्याच्या टाक्या बांधायची कामं भाऊंना मिळायला लागली, तेव्हा तिथे तिकडच्या मावची बोलीत बोलणारा आणि कोकणा आदिवासींची कोकणी समजणारा माणूस हवा होता. जोसेफ गेला की मजूर मिळत, वाट मिळे, पाड्यावरचं भांडण पाड्यावरच मिटे. त्याची बायको एस्तेर आंबाटेकच्याच अंगणवाडीत सेविका. रोज सकाळी ती विसरवाडीहून जीपने तिकडे जायची. टाकीसाठी पाड्याने जी जागा दिली ती अंगणवाडीच्या बरोबर वरच्या अंगाला होती. टाकीच्या सहा खांबांपैकी दोन खांबांची सावली दुपारी अंगणवाडीच्या पत्र्यावर पडायची.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. टाकीच्या तळाचा स्लॅब टाकायचा होता. सगळं पाणी ज्याच्यावर उभं राहणार तो हा स्लॅब. नवापूरच्या डोंगराकडे होळीला मजूर कामावरून उठतो तो चार-आठ दिवस परत येत नाही, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही. चर्चला जाणारी घरं ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारपासून उठतात. त्या वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात आलं. रविवारी होळी, शुक्रवारी गुड फ्रायडे. मिक्सर पुढच्या आठवड्यात शहाद्याकडे जायचा होता. जोसेफने होळीच्या घरांच्या हातापाया पडून त्यांना एक दिवसासाठी बोलावलं, चर्चच्या घरांना एक दिवस थांबवलं, आणि बुधवारी स्लॅब टाकला. भाऊंनी फोनवर त्याला शाबासकी दिली. मलाही त्याचं कौतुक वाटलं होतं.

स्लॅब टाकला की त्यावर पाणी मारत राहावं लागतं, गोणपाट ओलं ठेवावं लागतं. पहिले सात दिवस तर सोडायचेच नाहीत, त्यातून मार्चचं ऊन. ते काम टाकीच्या राखणदाराकडे, रेंग्याकडे दिलं होतं. जोसेफ गुरुवारी सकाळी घरी गेला.

पुढच्या आठवड्यात आंबाटेकचं रजिस्टर माझ्याकडे आलं. पाणी मारल्याच्या रकान्यात रोज तीन वेळा खूण होती. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. पाचही दिवसांच्या खुणा एकाच दाबाने केलेल्या, एकाच कोनात कललेल्या. प्रत्येक दिवसाखाली जोसेफची सही. शुक्रवारीसुद्धा.

सात वर्षांत गुड फ्रायडेला जोसेफने माझा साधा फोन घेतला नव्हता.

मी ते रजिस्टर बंद केलं आणि फडताळात त्याच्या जागी ठेवलं. एवढंच केलं. त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. रजिस्टर पूर्ण होतं, तारखा क्रमाने होत्या, सह्या होत्या. कागदात काही उणं नव्हतं.

टाकीच्या भिंती चढल्या, वर घुमट बसला. पावसाळ्याच्या तोंडावर भाऊ एक दिवस जोसेफला घेऊन माझ्या टेबलाशी आले. एका मोठ्या संस्थेचं काम निघणार होतं, चाळीस पाड्यांच्या टाक्यांचं. अट अशी की कामाचा प्रमुख प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ती आंतरराष्ट्रीय परीक्षा पास झालेला हवा, आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही त्याचीच हवी. आंबाटेकची टाकी तशाच दाखल्यासह नमुना म्हणून दाखवायची होती. भाऊंनी जोसेफच्या पाठीवर हात ठेवला.

"आप्पा, याले पास करा. नही ते तुमलेच परीक्षाले बसाडसू."

सगळे हसले. जोसेफही हसला, पण खाली बघून.

परीक्षेला बसायच्या आधी अर्ज करावा लागतो. आजवर कोणती कामं स्वतः पुढे होऊन केली, कशी केली, ते इंग्रजीत लिहायचं असतं. जोसेफ सांगायचा, मी लिहायचो. आंबाटेकवर आलो तेव्हा तो खिशातला टेप काढून ओढत-सोडत राहिला. मग म्हणाला, स्थानिक सणांचा विचार करून कामाचं वेळापत्रक आखलं, असं लिहा. मी तसंच लिहिलं. वाक्य चांगलं जमलं होतं.

काही अर्ज परीक्षा घेणारी संस्था चिठ्ठी टाकल्यासारखे निवडते आणि पुरावा मागते. जोसेफचा निवडला गेला. वरिष्ठाने लिहून द्यायचं की यातलं सगळं खरं आहे. भाऊंनी उभ्या उभ्या सही केली. प्रती मी काढल्या, लखोटा मी चिकटवला. चिकटवताना माझा हात क्षणभर थांबला होता, खोटं कशाला सांगू.

मग जुलै ते ऑक्टोबर रोज दुपारी डबा खाऊन झाला की जोसेफ माझ्यासमोर बसायचा आणि मी त्याला प्रश्न विचारायचो. ही परीक्षा पाठांतराची नाही. एकशे ऐंशी प्रश्न, चार तासांहून जरा कमी वेळ. बहुतेक प्रश्न अडचणीचे. अमुक घडलं आहे, तमुक माणूस रागावला आहे, तुम्ही सर्वांत आधी काय कराल? चार उत्तरं दिलेली, चारही बरोबर वाटतात. जोसेफचं इंग्रजी कच्चं होतं. पहिल्या सराव परीक्षेत त्याला शंभरात चोपन्न पडले. मग एकसष्ट, मग अडुसष्ट. वेळापत्रकाच्या गणितात तो चुकायचा, माणसं सांभाळायच्या प्रश्नांत अडखळायचा. एका प्रकारच्या प्रश्नांत मात्र कधीच चुकला नाही.

असा पहिला प्रश्न मी सहज विचारला होता. एका प्रकल्पात तुमच्या लक्षात येतं की गुणवत्तेची एक नोंद प्रत्यक्ष काम न पाहता भरलेली आहे. प्रकल्प वेळेवर चालला आहे, ग्राहक समाधानी आहे. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?

"क," जोसेफ म्हणाला. मी उत्तरं वाचून संपवायच्या आत. "काय परिणाम झालाय ते तपासायचं. मग लेखी कळवायचं."

बरोबर होतं. मी पान उलटलं. तो प्रश्न मी मुद्दाम निवडला नव्हता. पुढच्या आठवड्यात तोच पुन्हा विचारला, तो मात्र मुद्दाम. त्याने तितक्याच शांतपणे पुन्हा क म्हटलं आणि डब्याचं झाकण लावायला लागला. झाकण लागेना. दोनदा उलटसुलट करून त्याने डबा तसाच पिशवीत टाकला.

अभ्यासाचा भाग म्हणून एका खऱ्या कामाची जोखीम-नोंद करायची होती. काय बिघडू शकतं, बिघडायची शक्यता किती, बिघडलं तर नुकसान किती, आणि त्याची जबाबदारी कोणाची, असे रकाने. जोसेफने आंबाटेक घेतलं. मला तपासायला दिलेल्या कागदावर चौदा ओळी होत्या. वीज नसणे, पाइप चोरीला जाणे, रस्ता वाहून जाणे. प्रत्येकीसमोर जबाबदार माणसाचं नाव. अकरावी ओळ होती, तळाच्या स्लॅबला पुरेसं पाणी न मिळालेलं असणे. शक्यता जास्त. नुकसान अतिशय जास्त. नावाचा रकाना रिकामा.

मी पेन्सिलीने त्या रकान्यापाशी बारीक टिंब केलं आणि कागद परत दिला. त्याने टिंब पाहिलं. आठवड्याने तो कागद पुन्हा आला तेव्हा टिंब खोडलेलं होतं आणि रकाना रिकामाच होता.

ऑक्टोबरमध्ये सराव परीक्षेत त्याला एक्क्याऐंशी पडले. त्याच सुमारास टाकी भरायची तारीख ठरली, डिसेंबरचा पहिला आठवडा. जसजसे त्याचे गुण वाढत गेले तसतसं त्याचं जेवण कमी होत गेलं. डबा अर्धा परत जायला लागला. एस्तेरने मला एकदा फोन करून विचारलं की आप्पा, परीक्षा एवढी अवघड असते का? मी म्हटलं, असते.

परीक्षा नोव्हेंबरमध्ये सुरतेला होती. बरोबर याल का, असं त्याने विचारलं, म्हणून सकाळच्या गाडीने मीही गेलो. केंद्रात शिरताना त्याच्या बाह्या वर करून मनगटं पाहिली, चष्मा काढून घेऊन पाहिला, खिसे उलटे करायला लावले. खिशातून खडूचा तुकडा निघाला. तो तिथल्या माणसांनी बाहेर ठेवायला सांगितला, तो मी घेतला. चार तास मी समोरच्या बाकावर बसून होतो. तो बाहेर आला तेव्हा हातात एक कागद होता. पास.

मी त्याचा हात हातात घेतला. त्याने दुसरा हात खडूसाठी पुढे केला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. उकाईचं स्टेशन मागे पडलं. मग त्याने एकदम सगळं सांगितलं. रेंग्याने गुरुवारी सकाळी एकदा पाणी मारलं. पण मोहाची फुलं पडायला लागली होती. फुलं पहाटे वेचली नाहीत तर गुरं खातात, आणि वर्षाचा मोह त्या पंधरा दिवसांतच घरात येतो. रेंग्या घरच्या सगळ्यांबरोबर जंगलात गेला. सोमवारी दुपारी जोसेफ चढून पाहतो तर गोणपाट कडक वाळलेलं, स्लॅब पांढरा पडलेला, त्यावर केसासारख्या रेघा. त्याने सिमेंटचं पाणी करून रेघा घासून घेतल्या, तेव्हापासून पाणी तुंबवून ठेवलं, आणि खाली येऊन पाच दिवसांच्या खुणा एका बैठकीत केल्या.

"रेंग्याचं नाव सांगता आलं असतं," तो म्हणाला. "पण मोहाच्या दिवसांत त्याला ठेवून मी घरी गेलो. मला माहीत नव्हतं का? मी तिथलाच आहे."

मी म्हटलं, "मला एप्रिलपासून माहीत आहे."

तो माझ्याकडे वळला.

"गुड फ्रायडेला तू कधी सही केली आहेस का?" मी विचारलं.

"मग बोलला का नाहीत, आप्पा?"

गाडी नवापूरला थांबली. विसरवाडीला जायला त्याने तिथे उतरायला हवं होतं. तो उतरला नाही. नंदुरबारपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पेढे आले. भाऊंनी नव्या कामाच्या फायलीला जोसेफच्या निकालाची प्रत लावून ती त्याच सकाळी पाठवून दिली होती. पेढ्यांचा खोका उघडा असताना जोसेफने जोखीम-नोंदीचा कागद भाऊंसमोर ठेवला. अकराव्या ओळीसमोर त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं. खाली दोन ओळी होत्या, की स्लॅबचा तुकडा कापून तपासल्याशिवाय टाकी भरू नये, आणि तोवर दाखल्यावर मी सही करणार नाही.

भाऊंनी दोनदा वाचलं.

"टाकी उभी शे ना? मंग तू कागद काब्र हालाडी ऱ्हायना?" सगळं नीट असताना कागद कशाला हलवतोस, असं त्यांना म्हणायचं होतं.

"चार दिवस पाणी नव्हतं, भाऊ."

"कोनी देखं?"

"मी. आणि लिहिलं खोटं. तेही मीच."

भाऊ वाईट माणूस नाहीत. प्रकाशा गावाजवळची शेती सांभाळून त्यांनी हा धंदा उभा केला, माझ्या आजारपणात दोनदा स्वतः दवाखान्यात बसले. ते खुर्चीत मागे टेकले आणि माझ्याकडे पाहून कसंनुसं हसले.

"आते याले काढता बी येत नही, आप्पा. फाइल गई."

तेच खरं होतं. ज्या परीक्षेने जोसेफला सही करायला बसवायचं होतं, तिच्यामुळेच तो सही नाकारून नोकरीत राहिला. शेवटी ठरलं असं की टाकी सध्या भरायची नाही, तपासणी नवं काम मिळाल्यावर करू. ते काम मिळायची तारीख पुढे जात राहिली. तुकडा कापायचं यंत्र धुळ्याहून येणार होतं, ते आलं नाही. जोसेफने पंपाच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली रेंग्याकडे दिली, आणि खांबावर लाल रंगाने लिहिलं की टाकीत पाणी भरू नये. पाड्याला त्याने कारणही सांगितलं. पाड्याने ऐकून घेतलं. पण डोक्यावर तयार टाकी, नळ लागलेले, आणि हंडा घेऊन झऱ्याला मात्र तेवढंच उतरायचं. त्यांच्याशी त्याचं पूर्वीसारखं राहिलं नाही. एस्तेरने मुलांना अंगणवाडीच्या बाहेर लांबच्या आंब्याखाली बसवायला सुरुवात केली. बाया तिला हसायच्या. थंडीत ते चाललं. मार्च लागला, ऊन वाढलं, मुलं पुन्हा पत्र्याखाली गेली.

होळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आंबाटेकला गेलो. निवृत्तीआधी साइटवरच्या सामानाच्या याद्या हातावेगळ्या करायच्या होत्या. विसरवाडीहून जोसेफने मोटारसायकलवर घेतलं. पाड्यात शिरलो तर बरीचशी घरं बंद. माणसं मोहाखाली गेलेली. टाकीपाशी रेंग्याची खाट रिकामी होती. पंपाच्या खोलीचं कुलूप उघडं होतं आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगलेली. जंगलात किल्ली हरवू नये म्हणून रेंग्या जाताना ती तिथे लावून गेला होता.

जोसेफ दारातच थांबला. मग वळून वर जाणाऱ्या लोखंडी पाइपला त्याने तळहात लावला. उन्हात तापलेल्या त्या टेकडीवर तो पाइप गार होता, आतून पाणी वर चढत होतं.

तो धावला तो आधी अंगणवाडीकडे. एस्तेरने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता मुलांना उचलायला लागली. दोन-दोन हाताला धरून, एक कडेवर. मीही दोघांना धरलं. मुलांना गंमत वाटत होती. सगळी आंब्याखाली गेल्यावर जोसेफने पंप बंद केला आणि टाकीच्या तळाचा मोठा कॉक सोडला. पाणी भसकन ओढ्याच्या बाजूला पडलं.

आवाज ऐकून बाया आल्या. फुलीबाई नावाची म्हातारी पुढे होती. सकाळी पंप तिनेच दोघींना घेऊन चालू केला होता. तिने सरळ सांगितलं, अर्धी भरली तर काय होतं, झऱ्याला खाली उतरायला माझे गुडघे नाहीत. मग तिने हंडा त्या धारेखाली धरला, ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली की पाणी तर चांगलं आहे. बाकीच्या बायाही आल्या. धारेखाली रांग लागली. जोसेफ त्यांना मागे व्हा म्हणून सांगत होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. हंडे भरून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

जोसेफ शिडीने वर चढला. स्लॅबच्या खालच्या अंगाला, मधोमध, एक ओली रेघ आली होती. हातभर लांब. मी खालून पाहत होतो. त्याने खिशातला खडू काढला आणि रेघेच्या दोन्ही टोकांना आडव्या खुणा केल्या.

"आप्पा, वेळ लिहा."

रजिस्टर माझ्या पिशवीत होतं. मी लिहिलं, दहा वाजून पाच मिनिटं. पाण्याची धार बारीक व्हायला दीड तास लागला. त्यानंतर तो पुन्हा चढला आणि बराच वेळ वरच थांबला.

खाली येऊन त्याने रजिस्टर घेतलं. अकरा चाळीस, असं स्वतः लिहिलं. त्यापुढे लिहिलं, पाणी उतरलं तरी रेघ दोन्ही खुणांच्या पुढे वीतभर गेली आहे. सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं आणि पाहणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मी सही केली. रेंग्या तेवढ्यात मोहाच्या फुलांची टोपली डोक्यावर घेऊन टेकडी चढत होता, आणि मुलं आंब्याखालून विचारत होती की आता आत जायचं का.